फलश्रुती आधी, स्तोत्र मागाहून

या पृष्ठांवर आम्ही आजवर काव्यसंग्रहांचा, कीर्तनाख्यानांचा आणि ओव्यांच्या संकलनांचा परामर्श घेत आलो. आज ज्या लेखनाचा विचार करावयाचे योजिले आहे त्याला मुखपृष्ठ नाही, प्रस्तावना नाही, आणि बहुधा लेखकाचे नावही नाही. 'अमुक खाण्याचे दहा फायदे', 'तमुक विकारावर घरगुती उपाय' अशा मथळ्यांखाली मोबाईलच्या पडद्यावर जे आरोग्यलेख आमच्या घराघरांतून रोज वाचले जातात, ते हे लेखन. यास वाङ्मय म्हणावे काय, असे आमचे काही विद्वान स्नेही विचारतील. आमचे उत्तर एवढेच की, जे गद्य वाचून घरातील माणसे काय खावे, काय वर्ज्य करावे आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे हे ठरवितात, त्या गद्याकडे टीकाकाराने पाठ फिरविणे बरे नव्हे. कवितेचा एखादा चरण फसला तर रसिकाची संध्याकाळ वाया जाते. येथे त्याहून अधिक काही वाया जाऊ शकते.

हा विचार मनात येण्यास एक प्रवास कारण झाला. गेल्या पौष अमावास्येच्या सुमारास आदिलाबाद जिल्ह्यातील केस्लापूर येथे नागोबाच्या जत्रेस जाण्याचा योग आला. मेश्राम कुळाच्या गोंडांचे हे दैवत. कुळातील माणसे पायी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि त्या पाण्याने पूजा होते. त्या जत्रेविषयी स्वतंत्रपणे लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. ते पुन्हा केव्हा तरी. मुक्काम आदिलाबाद शहरी आमच्या भाचीकडे होता. तिचे यजमान बँकेतील बदलीने तेथे गेलेले. हा मुलूख मराठीस परका नाही हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. हैदराबाद संस्थानाच्या काळी किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्याकडे आले, आणि मागे उरलेल्या भागात पैनगंगेच्या काठाने मराठी बोलणारी गावे उरली. २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार भाग झाले तरी आदिलाबादच्या बाजारात आजही तेलुगू, मराठी, गोंडी आणि दखनी एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात. मग अशा ठिकाणी आरोग्याविषयी कोण कोणत्या भाषेत काय शोधत असेल, हा प्रश्न साहजिकच पडतो.

आमची भाची घरबसल्या मराठीत आरोग्यलेख लिहिते. शब्दसंख्येवर मोबदला मिळतो. काम देणारी मंडळी दूरच्या शहरात आहेत. त्यांचे तिचे समक्ष दर्शन कधी झालेले नाही. प्रत्येक लेखासाठी तिच्याकडे एक सूचनापत्र येते. तिने ते आम्हांस मोठ्या उत्साहाने दाखविले, आणि खरे सांगावयाचे तर आम्ही ते एखाद्या नव्या छंदःशास्त्राचा ग्रंथ वाचावा तसे वाचले. मुख्य शोधशब्द: 'रक्त वाढवण्याचे घरगुती उपाय'. हा शब्दसमूह मथळ्यात यावा, पहिल्या १०० शब्दांत यावा, निदान दोन उपशीर्षकांत यावा आणि समारोपात यावा. मथळा ६० अक्षरांच्या आत. लेख १५०० शब्दांचा. परिच्छेद आखूड. शेवटी पाच प्रश्न व त्यांची उत्तरे. ज्या दुसऱ्या लेखांकडे वाचकास न्यावयाचे त्यांचे दुवे अमुक ठिकाणी. या सर्व खटाटोपास सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन किंवा नुसते एसईओ म्हणतात. म्हणजे शोधयंत्राच्या यादीत आपला लेख वरच्या ओळीत यावा अशा बेताने तो रचणे.

"पण हा लेख वाचणार कोण?" आम्ही विचारले.

भाची हसली. घरात आम्ही कोंकणीच बोलतो. "मामा, वाचपी कोण तें पळोवपाचें न्हय, सोदपी कितें बरयता तें पळोवपाचें," ती म्हणाली. वाचणारा कोण याचा विचार करावयाचा नाही. शोधणारा काय लिहितो तेवढे पाहावयाचे. या एका वाक्यात या लेखनप्रकाराचे सारे काव्यशास्त्र आले, असे आम्हांस त्या क्षणी वाटले आणि अजूनही वाटते.

आता शोधयंत्राची बाजू न ऐकता निवाडा देणे अन्यायाचे होईल. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल स्थापन केले तेव्हा त्यांची मूळ कल्पना अशी होती की, एखाद्या पानाकडे इतर किती आणि कोणती पाने बोट दाखवितात यावरून त्या पानाची योग्यता ठरवावी. कल्पना चांगली होती. मात्र योग्यता मोजण्याचे माप लोकांस ठाऊक झाले की लोक मापालाच खूष करू लागतात. पानाच्या पोटात शोधशब्दांची गुप्त यादी घालून ठेवण्याची चाल इतकी माजली की, ती यादी आम्ही जमेस धरीत नाही असे गूगलने २००९ मध्ये उघड सांगितले. २०११ च्या फेब्रुवारीत, केवळ यादीत वर येण्यासाठी ढिगांनी लिहिलेल्या उथळ लेखांना खाली ढकलणारा मोठा फेरबदल झाला. २०१८ च्या ऑगस्टमधील फेरबदलाचा तडाखा आरोग्यविषयक स्थळांस विशेष बसला. २०२२ च्या डिसेंबरात लेखाची परीक्षा करण्याच्या कसोट्यांत तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता यांच्या जोडीला प्रत्यक्ष अनुभव ही चौथी कसोटी आली. २०२४ च्या मार्चमध्ये तर यंत्राने वा माणसाने घाऊक प्रमाणात पाडलेल्या निरुपयोगी लेखनावर निराळा नियमच झाला. आणि गंमत अशी की, आम्हांला अमुक शब्दसंख्याच आवडते असे काही नाही, हे गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवले आहे. मग १५०० शब्दांची सक्ती कोठून आली? देवाने न मागितलेले नैवेद्य मधल्या मंडळींनी वाढवीत न्यावेत, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नसावा. या क्षेत्रातही शास्त्रापेक्षा रूढी बळकट झाली आहे.

प्रथम या लेखांचा गुण सांगतो, कारण तो खरा आहे आणि विद्वानांच्या ध्यानात सहसा येत नाही. आमचे अधिकारी वैद्य व डॉक्टर मराठीत लिहू लागले की 'पांडुरोग', 'रक्तक्षय' यांवाचून त्यांचे पाऊल पुढे पडत नाही. असे लेख उत्तम असतात, परंतु ते सापडत नाहीत, कारण रात्री अकरा वाजता आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आई 'पांडुरोग' असे लिहीत नाही. ती 'रक्त कमी झाले काय करावे' असे लिहिते. शोधशब्दांच्या या शास्त्राने लेखकास लोकांचा शब्द कानी घ्यावयास लावले. लोकांच्या बोलीत लिहा, हे आमच्या पिढीतील समीक्षक घसा कोरडा होईपर्यंत सांगत आले. ते काम एका कोष्टकाने केले. याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत.

परंतु शब्द कानी घेतला, माणूस मात्र कानाआड केला. आणि येथून दोष सुरू होतात.

पहिला दोष भाषेचा. असे पंधरा-वीस लेख आम्ही ओळीने वाचले. 'चला तर मग जाणून घेऊया' हे पालुपद, 'फायदेशीर ठरते' हे क्रियापद, आणि जिकडे तिकडे 'रोगप्रतिकारक शक्ती वाढवते' हे आश्वासन. वाक्ये मराठी अक्षरांत आहेत, पण त्यांचा सांगाडा इंग्रजीतून हिंदीत व हिंदीतून मराठीत असा दोन वेळा उतरलेला. म्हणून बीट 'समाविष्ट करावे' लागते, खाता येत नाही. शोधशब्दाची पुनरुक्ती तर विलक्षण. विष्णुसहस्रनामात एका देवाची सहस्र नावे आहेत. येथे एकच नाव पुन्हा पुन्हा येते, आणि तेही असे अवघडून की 'रक्त वाढवण्याचे घरगुती उपाय करताना रक्त वाढवण्याचे घरगुती उपाय कोणते' अशी वाक्ये जन्मास येतात. यंत्रे आता एवढी अडाणी उरलेली नाहीत. पर्यायी शब्द, विभक्तीचे प्रत्यय, वाक्याचा रोख त्यांस पुष्कळसा कळतो. अडाणीपणा आता सूचनापत्रांत उरला आहे.

दुसरा दोष रचनेचा, आणि तो आमच्या वाचकांस एका दृष्टान्ताने चटकन उमगेल. स्तोत्राच्या अखेरीस फलश्रुती असते. ती ऐकावयास कोणास आवडत नाही? पण ती अखेरीस असते. आधी पाठ करावा लागतो, नियम पाळावा लागतो, आणि पाठ कोणी, केव्हा, कसा करावा हेही पुष्कळदा तेथे सांगितलेले असते. या लेखांत फलश्रुती मथळ्यातच येते, मग फलश्रुतीची उपशीर्षके येतात, आणि स्तोत्र शोधू जावे तो ते कोठेच नसते. उदाहरण म्हणून मोहाच्या फुलांचे घ्या. आदिलाबादच्या रानांत चैत्राच्या आगेमागे पहाटे ही फुले गळतात. बायका-मुले ती वेचतात, वाळवितात आणि टंचाईच्या दिवसांसाठी ठेवितात. उटनूर येथे आदिवासी स्त्रियांच्या सहकारी संघाने या फुलांचे लाडू करण्याचा उद्योग उभा केला आहे. या फुलाविषयी सांगण्यासारखे किती आहे: केव्हा वेचावे, पुंकेसर कसे काढावेत, बुरशी कशी टाळावी, किती खावे. 'मोहाच्या फुलांचे फायदे' या जातीचा लेख यातले काही सांगत नाही. तो शक्तिवर्धन, सांधेदुखी, त्वचा, केस असा फिरत फिरत मधुमेहावर येतो आणि तेथेही हे फूल गुणकारी असल्याचे ठोकून देतो. वाळलेल्या मोहफुलात साखरेचा वाटा फार मोठा असतो. त्यापासून मद्य होते ते त्याच साखरेमुळे. हे उटनूरच्या कोणत्याही आजीस ठाऊक आहे. झाडाच्या निरनिराळ्या भागांवर प्रयोगशाळेत काही झाले असेल, त्याचे श्रेय फुलाच्या पदरात टाकून लेख मोकळा होतो, कारण 'मधुमेह' हा शब्द पुष्कळ लोक शोधतात.

तिसरा दोष आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. तो भाचीच्याच घरी दृष्टीस पडला.

तिच्याकडे धुणेभांड्यांस एक बाई येतात. उटनूरकडच्या, घरी गोंडी बोलतात, मराठी उत्तम समजते. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा वरचेवर थकत असे, डोळे पिवळसर दिसत, हातापायांच्या सांध्यांत अशा कळा येत की रात्र रात्र तळमळे. कोठेतरी रक्त तपासले आणि ते 'कमी' निघाले. बहिणीने मोबाईलवर शोधले आणि जे सापडले ते आईस वाचून दाखविले: बीट, खजूर, गूळ, डाळिंब, लोखंडी कढई. बाईंनी पाच-सहा महिने मजुरीतून बीट आणि खजूर आणले. कळा थांबल्या नाहीत. पुढे आश्रमशाळेतील तपासणीत मुलास सिकलसेल असल्याचे निघाले.

या विकाराविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. रक्ताच्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि दहा-वीस दिवसांत फुटून जातात. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यानेच कळा येतात. म्हणजे येथे रक्त कमी पडते ते लोह अपुरे पडते म्हणून नव्हे, तयार झालेल्या पेशी लवकर मरतात म्हणून. अशा माणसास लोहाची खरोखरच कमतरता आहे काय हे तपासल्यावाचून लोह देत राहणे उपयोगाचे नाही. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णाच्या अंगात तर लोह अधिक साचलेले असू शकते. विकार आनुवंशिक आहे. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव चारांत एक. भारतात त्याची नोंद १९५२ मध्ये नीलगिरीतील आदिवासींत लेहमन आणि कटबुश यांनी केली. मध्य भारतातील आदिवासी पट्ट्यात, ज्यात आदिलाबाद येते, तो आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून या विकाराच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले. पुरेसे पाणी पिणे, अंग गारठू न देणे, ताप आल्यास घरी न थांबता दवाखाना गाठणे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरियासारखे औषध घेणे, यांनी रुग्णाचे जिणे पुष्कळ सुसह्य होते. बीट खाल्ल्याने अपाय झाला नाही. अपाय झाला तो गेलेल्या महिन्यांचा.

आता न्यायाने बोलावयाचे तर त्या बहिणीने वाचलेला लेख खोटा नव्हता. आपल्याकडे रक्त कमी असणाऱ्यांत लोहाच्या अभावाने पीडित झालेल्यांची संख्याच मोठी आहे, विशेषतः स्त्रियांत. शंभरांतल्या पुष्कळांस तो लेख लागू पडत असेल. पण त्या बहिणीस तो लागू पडला नाही, आणि तिला तो लागू पडणार नाही हे कळण्याची एकही खिडकी त्या १५०० शब्दांत नव्हती.

गोव्यात आणि दक्षिण कोंकणात देवापुढे गाऱ्हाणे घालतात ते आमच्या बहुतेक वाचकांनी ऐकलेले असेल. गाऱ्हाणे घालणारा आधी सांगतो की, हा अमक्या घराण्यातला, अमक्या गावचा, त्याच्या घरी असे असे संकट आहे, आजवर त्याने हे हे केले, तरी गुण नाही. एवढे झाल्यावर कौल लावावयाचा. देव सर्वज्ञ असताना एवढा पाल्हाळ कशास, असे लहानपणी आम्हांस वाटे. आज वाटते की तो पाल्हाळ देवासाठी नसून विचारणाऱ्यासाठी आहे. आपला प्रश्न नेमका कोणता हे त्यालाही तेव्हाच कळते. शोधयंत्राच्या चौकटीत गाऱ्हाणे मावत नाही. तीन-चार शब्द मावतात. त्या तीन-चार शब्दांमागे उटनूरचा मुलगा आहे की पुण्याची गर्भवती की आमच्यासारखा वृद्ध, हे चौकटीस पुरतेपणी कळत नाही. म्हणूनच जे यंत्रास विचारता येत नाही ते लेखाने विचारावयास हवे. 'रक्त कमी आहे? केव्हापासून? कळा येतात काय? डोळे पिवळे दिसतात काय? घराण्यात कोणास असेच होते काय?' पाच प्रश्न. लेखाचा पहिला परिच्छेद याहून चांगला कोणता असू शकेल?

मागील काळ सारा सुवर्णाचा होता असे मात्र आमचे म्हणणे नाही. जुनी पंचांगे आणि देवळांचे यात्राविशेषांक चाळावेत. एका बाटलीत सर्व रोग बरे करणाऱ्या जाहिराती पानोपानी सापडतात. त्यांचा सुळसुळाट झाला म्हणून तर १९५४ मध्ये औषधे व चमत्कारी उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा करावा लागला. परंतु त्याच काळात दुसरे लेखनही होते. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी, ज्यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला गेला, वैद्यक मराठी वाचकाच्या हाती दिले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले. कर्व्यांची मते आमच्या समाजात अनेकांस मानवली नाहीत, अजूनही मानवत नाहीत. परंतु वाचकांच्या प्रश्नांस त्यांनी दिलेली उत्तरे पाहावीत. ज्याने विचारले त्याला दिलेले ते उत्तर आहे, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगितले आहे. मासिकाचा खप वाढावा असे कर्व्यांस वाटत नसेल काय? वाटतच असणार. खपाची इच्छा हे पाप नव्हे. लेख सापडावा म्हणून मथळा लोकांच्या शब्दांत देणे, हेही पाप नव्हे. धर्मशाळेचे दार रस्त्याच्या बाजूस असावे. आत मात्र वाटसरूची विचारपूस करणारे कोणी असले पाहिजे.

येथे भाषांचाही एक हिशेब आहे, आणि या द्वैभाषिक मासिकाने तो मांडावयास हवा. जे शोधले जाते तेच लिहिले जाते, तर जे फार थोडे लोक शोधतात त्याचे काय? आमच्या कोंकणीत आजाऱ्यास प्रथम पेज देतात. ती किती पातळ असावी, तिच्याबरोबर लोणच्याची फोड चालेल की नाही, हे प्रत्येक घरची म्हातारी जाणते. पण कोंकणी देवनागरीत लिहितात, रोमीत लिहितात, कन्नड लिपीत लिहितात. एकच शब्द तीन वाटांनी विभागला जातो, कोष्टकात त्याची संख्या नगण्य दिसते आणि लेख मागविला जात नाही. गोंडीची अवस्था याहून बिकट. याच आदिलाबाद जिल्ह्यात गुंजाळा गावी गोंडीच्या स्वतंत्र लिपीची हस्तलिखिते मिळाली. २०१८ मध्ये त्या लिपीस युनिकोडमध्ये स्थानही लाभले. अक्षरे आहेत, ती संगणकावर उमटू शकतात. पण महिन्याच्या शोधसंख्येच्या रकान्यात शून्य असेल तर ज्याचा मोबदला त्या रकान्यावर ठरतो तो लेखक त्या अक्षरांकडे वळणार कसा? म्हणून ती बहीण गोंडी असून मराठीत शोधते, आणि मराठी लेख तिच्यासाठी लिहिलेला नसतो. त्यात आता २०२४ पासून आपल्या देशात शोधयंत्र स्वतःच निरनिराळे लेख चाळून यादीच्या डोक्यावर तयार उत्तर देऊ लागले आहे. जे वाक्य मुळात कोणत्या लेखात आलेच नाही, ते या उत्तरात कोठून उतरणार?

भाचीने त्या बाईंच्या मुलाची हकीकत आम्हांस सांगितली तेव्हा ती काही वेळ गप्प राहिली. बहिणीने जो लेख वाचला तो तिचा नव्हता. पण तिचा असता तरी त्यात निराळे काही नसते, हे तिला कळत होते. मग तिच्याकडे आलेले ते 'रक्त वाढवण्याचे घरगुती उपाय' आम्ही दोघांनी मिळून लिहावयास घेतले. मथळा सूचनापत्राप्रमाणे, अक्षर न अक्षर. पहिल्या १०० शब्दांत शोधशब्द घातलाच, पण त्यालाच लागून असे लिहिले की, उपाय करण्यापूर्वी रक्त कशाने कमी आहे हे तपासून घ्या. अंगात कळा येत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, वा घराण्यात सिकलसेल असेल, तर सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी करून मागा. त्यानंतर बीट आले, खजूर आला, हिरव्या पालेभाज्या आल्या, जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये हेही आले. चहाचे ते वाक्य भाचीचे; त्यास कोणाचा शोधशब्द लागला नाही. लेख वाचनीय झाला होता असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटले. तिने तो पाठविला.

तिसऱ्या दिवशी तो दुरुस्त होऊन परत आला. पहिल्या परिच्छेदातील सिकलसेलचे वाक्य काढले होते. कारण समासात लिहिले होते: हा दुसऱ्या लेखाचा शोधशब्द आहे, एका लेखात दोन विषय नकोत. भाचीने विचारले की, मग सिकलसेलवर स्वतंत्र लेख लिहू काय? उत्तर आले की मराठीत या शब्दाचा शोध पुरेसा नाही, तूर्त नको. ती रागावली, तसे तिने कळविलेही. दोन दिवस पत्रव्यवहार झाला. तिच्या चिकाटीचे आम्हांस कौतुक वाटले, कारण त्या महिन्याचा मोबदला अडकून होता. शेवटी तडजोड झाली आणि ते वाक्य प्रश्नोत्तरांत घेण्यात आले.

लेख आता प्रसिद्ध झाला आहे. परवा आम्ही तो आमच्या मोबाईलवर काढून पाहिला. मथळा, मग बिटाचे चित्र, मग सात उपशीर्षके, त्यांच्या अधेमधे शाम्पूची आणि जिऱ्याच्या गोळ्यांची जाहिरात. सिकलसेलचा प्रश्न अगदी तळाशी, पाचव्या क्रमांकावर आहे. त्याचे उत्तर पाहावयाचे तर उजवीकडील लहानशा अधिकच्या खुणेवर बोट ठेवावे लागते.